प्रकल्पातल्या स्क्रिप्ट शोधायच्या कशा आणि चालवायच्या कशा : ‘मेक’, ‘एनपीएम रन’ की ‘जस्ट’?

मूळ धागा

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आमच्या गटात एक नवी सहकारी रुजू झाली. स्वतःच्या लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये चाचणीची माहिती भरायची असेल तर कोणती कमांड द्यायची, असे तिने दुसऱ्याच दिवशी विचारले. मी एक कमांड सांगितली आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने दुसरी सांगितली. दोन्ही कमांड चालतात. मात्र माझी कमांड आधीच्या नोंदींमध्ये भर घालते आणि त्याची कमांड आधी सगळी टेबले रिकामी करून मग माहिती भरते. हा फरक आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता, कारण त्या दोन स्क्रिप्ट वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी लिहिल्या होत्या आणि त्यांची जागाही एक नव्हती. एक ‘पॅकेज डॉट जेसन’मध्ये (नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवरच्या प्रकल्पाची माहिती ठेवणारी फाइल) होती, दुसरी ‘स्क्रिप्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये.

त्या संध्याकाळी मी मोजदाद केली. रेपोमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या संग्रहात, एकूण ३१ कमांड निघाल्या. काही ‘पॅकेज डॉट जेसन’मध्ये, काही शेलच्या (टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फायलींमध्ये, काही एका जुन्या मेकफाइलमध्ये (‘मेक’ या साधनाची फाइल), आणि तीन तर केवळ ‘रीडमी’च्या मजकुरात, कॉपी करून टर्मिनलवर चिकटवण्यासाठी ठेवलेल्या. स्क्रिप्ट चालवणे अवघड कधीच नव्हते. आपल्याला हवी असलेली स्क्रिप्ट अस्तित्वात आहे का, तिचे नाव काय आणि ती नेमके काय करते, हे कळणे अवघड होते, आणि त्यावर आम्ही आजवर कधी विचारच केला नव्हता.

तेव्हापासून मी ‘जस्ट’ हे कमांड लाइनवरचे साधन वापरून पाहतो आहे. केसी रोडार्मोर यांनी ते रस्ट भाषेत लिहिले असून ते २०१६ पासून उपलब्ध आहे. प्रकल्पाच्या मुळाशी ‘जस्टफाइल’ नावाची एक फाइल ठेवायची आणि तिच्यात प्रत्येक काम एकेका ‘रेसिपी’च्या रूपाने लिहायचे. रेसिपीच्या लगेच वरच्या ओळीत जी टिप्पणी लिहिलेली असते, तीच यादीत त्या रेसिपीचे वर्णन म्हणून दिसते. त्यामुळे वर्णनासाठी वेगळी जागा सांभाळावी लागत नाही आणि कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते आपोआप राहते. ‘जस्ट’ला ‘लिस्ट’ हा पर्याय दिला की सगळ्या रेसिपी वर्णनांसह समोर येतात. नावाची सुरुवात अधोरेषेने केली तर ती रेसिपी यादीतून वगळली जाते, म्हणजे आतल्या मदतनीस पायऱ्यांची गर्दी होत नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. आपण प्रकल्पाच्या कितीही आतल्या फोल्डरमध्ये उभे असलो, तरी ‘जस्ट’ एकेक पायरी वर चढत जाऊन जस्टफाइल शोधते आणि रेसिपी त्या फाइलच्या फोल्डरमध्येच चालवते. स्क्रिप्टमधले सापेक्ष पत्ते चुकल्यामुळे होणारा निम्मा घोळ आमच्याकडे एवढ्याने थांबला.

आता हे साधन सगळ्या गटासाठी स्वीकारावे का, हा प्रश्न आहे. जी मंडळी वर्षानुवर्षे ‘मेक’ वापरत आली आहेत किंवा ज्यांनी असा बदल करून पाहिला आहे, त्यांचे अनुभव सविस्तर वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

‘मेक’च्या बाजूने मी बोलतो, कारण त्याच्या नावावर जे दोष लावले जातात त्यांपैकी अनेक आपण ते चुकीच्या कामाला जुंपल्यामुळे उद्भवतात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये ‘मेक’ लिहिले, ते स्क्रिप्टची यादी ठेवण्यासाठी नव्हे. कोणती फाइल कोणत्या फायलींपासून बनते हे त्याला सांगायचे, मग ते बदलाच्या वेळा ताडून पाहते आणि जेवढे शिळे झाले आहे तेवढेच पुन्हा बनवते. सी भाषेतला मोठा प्रकल्प बांधताना या एका कल्पनेने वाचवलेला वेळ ज्यांनी अनुभवला आहे, ते ‘मेक’ला सहजासहजी नावे ठेवणार नाहीत.

अडचण येते ती ‘टेस्ट’, ‘डिप्लॉय’, ‘क्लीन’ अशी कामे त्यात घातली जातात तेव्हा. ‘मेक’च्या दृष्टीने ही सगळी फायलींची नावे आहेत. उद्या कोणी ‘टेस्ट’ नावाचे फोल्डर तयार केले, की ‘मेक’ सांगते : ‘टेस्ट’ अद्ययावत आहे, करण्यासारखे काही नाही. आणि चाचण्या न चालताच आपण पुढे जातो. त्यासाठी ती नावे ‘फोनी’ म्हणून, म्हणजे फायली नव्हेत तर नुसती कामे म्हणून, जाहीर करावी लागतात, आणि ते करायचे राहून गेले तरी ‘मेक’ त्याबद्दल इशारा देत नाही.

टॅबचेही तसेच आहे. रेसिपीच्या ओळीची सुरुवात टॅबने झाली पाहिजे, मोकळ्या जागांनी नव्हे. हा नियम फेल्डमन यांना स्वतःलाही लवकरच खटकला होता, परंतु तोवर डझनभर लोक ‘मेक’ वापरू लागले होते आणि त्यांची कामे मोडू नयेत म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. ग्नू मेकच्या ३.८२ या आवृत्तीपासून टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडता येते, आणि एका रेसिपीच्या सगळ्या ओळी एकाच शेलमध्ये चालवण्याची सोयही त्याच आवृत्तीत आली. मात्र अ‍ॅपलच्या डेव्हलपर साधनांसोबत मिळणारे ‘मेक’ ३.८१ वरच थांबलेले आहे. त्यामुळे लिनक्सवर उत्तम चालणारी मेकफाइल सहकाऱ्याच्या मॅकवर अडखळते आणि कारण सापडायला दुपार जाते.

एवढे सगळे मान्य करूनही माझे मत असे आहे, की ‘मेक’ जवळपास प्रत्येक यंत्रावर सहज मिळते, आणि नव्या माणसाला आधी एक साधन बसवायला सांगणे हा खर्च आपण कमी लेखू नये. यादीसाठी बहुतेक जण एक ‘हेल्प’ नावाचे लक्ष्य लिहितात, जे ‘ऑक’ या मजकूर चाळणाऱ्या साधनाच्या मदतीने मेकफाइल वाचून दुहेरी हॅशच्या टिप्पण्या छापते. ते दिसायला सुंदर नाही, पण चालते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात सांगितलेला ‘टेस्ट’ फोल्डरचा अनुभव आम्ही अक्षरशः घेतला आहे. सीआयवर (कोड बदलला की चाचण्या आपोआप चालवणारी यंत्रणा) चाचण्या अचानक एका सेकंदात ‘यशस्वी’ होऊ लागल्या आणि सुरुवातीला आम्हाला त्याचा आनंदच झाला होता.

प्रतिसाद ३

ज्यांचा प्रकल्प पूर्णपणे नोडवर आहे, त्यांनी नवे साधन आणण्याआधी हाताशी असलेले साधन नीट पाहावे असे मला वाटते. ‘एनपीएम’ या नोडच्या पॅकेज साधनाची ‘एनपीएम रन’ ही कमांड पुढे काहीही न लिहिता दिली, तर ती उपलब्ध स्क्रिप्टची यादी दाखवते. अनेक वर्षे नोडवर काम करणाऱ्यांनाही हे माहीत नसते. उपफोल्डरमधून दिली तरी ती सर्वांत जवळचे ‘पॅकेज डॉट जेसन’ शोधून स्क्रिप्ट त्याच्या मुळाशी चालवते, आणि आपण मुळात कुठे उभे होतो ते ‘इनिट सीडब्ल्यूडी’ या चलात ठेवते. शिवाय प्रकल्पात बसवलेल्या पॅकेजांच्या कमांड तिला थेट सापडतात, कारण ‘नोड मॉड्यूल्स’मधले ‘बिन’ फोल्डर ती स्वतःहून पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांच्या यादीत) जोडते. त्यामुळे प्रत्येकाच्या यंत्रावर वेगवेगळ्या आवृत्त्या बसवण्याचा प्रश्न उरत नाही.

तिच्या मर्यादाही सांगतो. जेसनमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही, म्हणून वर्णनाला जागाच नाही. यादीत नाव दिसते आणि त्यापुढे संपूर्ण कमांड दिसते. ती कमांड दोनशे अक्षरांची असेल तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अवतरणचिन्हांच्या आत अवतरणचिन्हे लिहिण्याचा त्रास वेगळा. एखादा पर्याय आतल्या कमांडपर्यंत पोहोचवायचा असेल, तर मध्ये दोन आडव्या रेघा द्याव्या लागतात आणि नवशिक्यांना ते आठवत नाही.

एक सूचना मात्र आवर्जून करावीशी वाटते. नोडच्या २२व्या आवृत्तीपासून ‘नोड’लाच ‘रन’ हा पर्याय मिळाला असून तो ‘एनपीएम रन’पेक्षा लवकर सुरू होतो. परंतु तो ‘प्री’ आणि ‘पोस्ट’ या उपसर्गांच्या स्क्रिप्ट चालवत नाही. आपल्या ‘बिल्ड’आधी ‘प्रीबिल्ड’ चालणे आवश्यक असेल आणि कोणी वेगाच्या मोहाने कमांड बदलली, तर अपुरे बिल्ड तयार होईल.

प्रतिसाद ४

मला यापैकी कोणतेही साधन लागत नाही, आणि माझे म्हणणे हट्टाचे वाटू नये म्हणून कारणासहित मांडतो.

गिटहबने २०१५ मध्ये आपली अंतर्गत पद्धत जाहीर केली होती. प्रत्येक प्रकल्पात ‘स्क्रिप्ट’ नावाचे एक फोल्डर आणि त्यात ठरावीक नावांच्या फायली : बूटस्ट्रॅप, सेटअप, अपडेट, सर्व्हर, टेस्ट, सीआयबिल्ड, कन्सोल. प्रकल्प रुबीचा असो वा आणखी कशाचा, ‘सेटअप’ चालवले की तो कामासाठी तयार होतो. ज्या गटाकडे पाच-सहा रेपो आहेत त्याच्यासाठी या सवयीचे मोल फार मोठे आहे, कारण माणसाला यादी वाचावीच लागत नाही. नाव आधीच ठाऊक असते. शोधण्याच्या प्रश्नावर हे मला सर्वांत चांगले उत्तर वाटते.

दुसरे उदाहरण गिटचे, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचे आहे. पाथमध्ये ‘गिट’, मग एक आडवी रेघ आणि मग काही नाव, अशी चालवता येण्याजोगी फाइल ठेवली, की ती गिटची उपकमांड बनते. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. फाइल असणे हीच नोंदणी. आम्ही तीस ओळींची एक शेल स्क्रिप्ट लिहिली आहे, जी फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलची दुसरी ओळ वाचून वर्णन म्हणून दाखवते आणि उरलेले काम त्या त्या फाइलकडे सोपवते.

यात दोन खड्डे आहेत. पहिला, फायलीला चालवण्याची परवानगी देणे राहून जाते. गिट ती परवानगी नोंदवून ठेवते, पण विंडोजवर काम करणाऱ्याकडून आलेल्या नव्या फायलीला ती बहुधा नसते, आणि मग लिनक्सवर १२६ हा निर्गम संकेत (कमांड संपताना देते तो आकडा) मिळतो. दुसरा, ओळींच्या शेवटी विंडोजची चिन्हे शिरली, तर पहिल्या ओळीतला ‘बॅश’ या शेलचा पत्ताच चुकीचा ठरतो आणि फाइल डोळ्यांसमोर असूनही ती चालवणारा दुभाषक सापडत नाही, असा संदेश येतो. ‘गिट अ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये शेलच्या फायलींसाठी ओळशेवट निश्चित करून ठेवला तर हा दुसरा खड्डा बुजतो.

प्रतिसाद ५ (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. चौथा प्रतिसाद वाचल्यावर माझ्या मांडणीतला एक दोष लक्षात आला. मी सगळा शेल कोड जस्टफाइलमध्ये हलवायला निघालो होतो, आणि तसे केले असते तर काही महिन्यांनी ती फाइल हजार ओळींची झाली असती, जिच्यात शेल कोडमधल्या चुका शोधणारी शेलचेकसारखी साधने सहज वापरता आली नसती. आता असे करतो आहे : चार ओळींपेक्षा मोठे काम ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल म्हणून राहील, आणि जस्टफाइलमध्ये तिला हाक मारणारी एकच ओळ व तिच्यावर वर्णन असेल. म्हणजे जस्टफाइल ही प्रकल्पाची अनुक्रमणिका राहील. उद्या ‘जस्ट’ सोडावेसे वाटले, तरी स्क्रिप्ट जागच्या जागी शाबूत असतील.

पहिल्या प्रतिसादातल्या, नवे साधन बसवण्याच्या आक्षेपालाही याने काहीसे उत्तर मिळते; ज्याच्याकडे ‘जस्ट’ नाही तो फायली थेट चालवू शकतो.

प्रतिसाद ६

अनुक्रमणिकेची कल्पना योग्य आहे, पण सीआयवर नेण्याआधी निर्गम संकेतांकडे लक्ष द्यावे, कारण मध्यस्थ साधनाची खरी परीक्षा तिथे होते. आतली स्क्रिप्ट अपयशी ठरली, तर तिचा संकेत ‘जस्ट’ तसाच बाहेर देते. ग्नू मेक मात्र आतला संकेत काहीही असला तरी चूक झाली की २ देते. एखादी सीआय पायरी ३ म्हणजे ‘चाचण्याच सापडल्या नाहीत’ असा अर्थ लावत असेल, तर ‘मेक’मधून गेल्यावर तो अर्थ हरवतो.

याहून मोठी मेख रेसिपीच्या दोन प्रकारांत आहे. साध्या रेसिपीत प्रत्येक ओळ स्वतंत्र शेलमध्ये चालते आणि एक ओळ फसली की ‘जस्ट’ तिथेच थांबते. स्वतंत्र शेलमुळे एका ओळीत बदललेले फोल्डर दुसऱ्या ओळीत टिकत नाही, म्हणून लोक रेसिपीच्या पहिल्या ओळीत ‘बॅश’चा पत्ता देऊन तिला सलग स्क्रिप्टचे रूप देतात. तसे केल्यावर ‘जस्ट’ संपूर्ण मजकूर तात्पुरत्या फायलीत लिहून ती एकदाच चालवते, आणि मग मधली ओळ फसली तरी बॅश खुशाल पुढे जातो. थांबण्याची जबाबदारी आता आपली असते. म्हणून सुरुवातीला चूक होताच थांबवणारी ‘सेट’ची ती परिचित ओळ, म्हणजे ‘ई’, ‘यू’ आणि ‘पाइपफेल’, लिहायलाच हवी. आमच्याकडे मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी पायरी) फसल्यानंतरही पुढची पायरी चालून गेली होती, ती याच कारणाने.

विंडोजवर काम करणारे कोणी असेल तर एवढे पाहून घ्यावे, की ‘जस्ट’ तिथेही ‘एसएच’ हेच शेल शोधते. विंडोजसाठीच्या गिटबरोबर ते येते. नसल्यास फायलीत विंडोजसाठी वेगळे शेल नेमून देता येते.

प्रतिसाद ७

सुरक्षिततेचा मुद्दा अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहिते. वरच्या फोल्डरांमध्ये चढत जाऊन फाइल शोधणे ही सोय आहे तसा धोकाही आहे. गिटमध्येही हीच पद्धत असल्यामुळे एप्रिल २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-२४७६५ (सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) ही त्रुटी जाहीर झाली. अनेक जण वापरत असलेल्या यंत्रावर दुसऱ्या कोणी वरच्या सामायिक फोल्डरमध्ये ‘डॉट गिट’ (गिटची सेटिंग ठेवणारे फोल्डर) तयार करून ठेवले, तर आपण खाली कुठेही साधी गिट कमांड दिली तरी त्याने लिहिलेल्या सेटिंगमधल्या कमांड आपल्या नावाने चालू शकत होत्या. गिटच्या २.३५.२ या आवृत्तीत फोल्डरची मालकी तपासण्याची व्यवस्था आली आणि ‘सेफ डिरेक्टरी’ हे सेटिंग त्यातूनच जन्मले. फोल्डरनुसार टर्मिनलची सेटिंग बदलणाऱ्या ‘डायरेन्व्ह’ने तर वेगळी वाट घेतली आहे : आपण ‘अलाऊ’ म्हणेपर्यंत ते प्रकल्पातली फाइल वाचून काहीही चालवत नाही, आणि फाइल बदलली की पुन्हा विचारते.

सामायिक सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी म्हणूनच आपण कोणती जस्टफाइल चालवतो आहोत याची खात्री करावी. ‘शो’ हा पर्याय रेसिपीचा मजकूर दाखवतो आणि ‘ड्राय रन’ हा पर्याय काही न चालवता काय चालले असते ते छापतो. दुसऱ्याच्या रेपोमध्ये या दोन्हींची सवय लावून घ्यावी.

मूळ धाग्यातल्या टेबले रिकामी करणाऱ्या कमांडवरही उपाय आहे. रेसिपीच्या वर ‘कन्फर्म’ हे विशेषण लावले, तर ‘जस्ट’ आधी होकार विचारते, आणि विचारण्याचा मजकूरही आपल्याला लिहिता येतो.

प्रतिसाद ८

एक प्रश्न विचारतो. रेसिपीची नावे आणि वर्णने मराठीत लिहिता येतील का? आमच्या संस्थेत माहिती भरणारी मंडळी आठवड्यातून दोनदा अहवालाची स्क्रिप्ट स्वतः चालवतात. टर्मिनलची त्यांना भीती नाही, मात्र इंग्रजी वर्णन वाचून ती दर वेळी मला फोन करतात.

प्रतिसाद ९ (धागालेखक)

नाव मराठीत देता येणार नाही. ‘जस्ट’ रेसिपीच्या नावात रोमन अक्षरे, अंक, अधोरेषा आणि आडवी रेघ एवढेच स्वीकारते. वर्णन मात्र टिप्पणी असल्यामुळे ते देवनागरीत लिहिण्यास अडचण नाही. ‘एनपीएम’मध्ये उलटे आहे : तिथे स्क्रिप्टचे नाव ही जेसनमधली साधी अक्षरमाला असल्याने ती देवनागरीत चालते, पण वर्णनाला जागा नाही. तुमच्या सहकाऱ्यांसाठी रोमन लिपीतले छोटे नाव आणि मराठी वर्णन ही जोडी सोयीची पडेल असे वाटते, कारण नाव त्यांना टंकावे लागेल आणि वर्णन केवळ वाचावे लागेल.

टंकणेही टाळायचे असेल, तर ‘चूज’ हा पर्याय पाहा. तो ‘एफझेडएफ’ हे शोधसाधन उघडतो. दोन-चार अक्षरे टाकून किंवा बाणाच्या कळांनी काम निवडता येते. मात्र ज्या रेसिपीला मूल्य द्यावेच लागते ती त्या यादीत येत नाही. तुमच्या अहवालाला महिना द्यावा लागत असेल, तर ‘चालू महिना’ असे गृहीत मूल्य ठेवा.

प्रतिसाद १०

वर्णन कोणत्याही भाषेत असो, ते कसे लिहावे याबद्दल थोडे लिहितो. ‘डेटाबेस रीसेट करते’ हे वर्णन नावाचीच पुनरुक्ती आहे. त्यातून वाचणाऱ्याला नवे काही कळत नाही. ‘स्थानिक डेटाबेसमधली सर्व टेबले पुसून चाचणीची माहिती नव्याने भरते, सुमारे दोन मिनिटे लागतात’ या वाक्यात काय नष्ट होणार, कुठे होणार आणि किती वाट पाहायची, हे तिन्ही आले. मी प्रत्येक वर्णन लिहिताना स्वतःला विचारतो, की ही कमांड चुकून चालवली तर कोणाचे काय बिघडेल, आणि त्याचे उत्तर काही असेल तर ते त्या ओळीत आलेच पाहिजे असा आग्रह धरतो.

प्रतिसाद ११ (धागालेखक)

दहावा प्रतिसाद वाचून काल सगळी वर्णने पुन्हा लिहिली. तसे करताना ३१ पैकी नऊ कमांडबद्दल ती काय करते हे गटात कोणालाच सांगता येईना. त्यांतल्या पाच मोडलेल्या निघाल्या आणि आम्ही त्या काढून टाकल्या. उरलेल्या चार वाचून समजून घेतल्या. माहिती भरणाऱ्या दोन्ही स्क्रिप्ट आता वेगवेगळ्या नावांनी यादीत एकाखाली एक आहेत आणि पुसणाऱ्या स्क्रिप्टवर होकाराची अट आहे. वर्णने त्या नव्या सहकारीने तपासली, कारण ती वाचून अर्थ लागतो की नाही हे ठरवायला आमच्यात तीच योग्य होती.

एक अडचण उरली आहे. तीच पुसणारी रेसिपी सीआयवरही लागते आणि तिथे होकार द्यायला कोणी नसते. होकाराची अट काढायची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद १२

अट काढू नका. ‘जस्ट’ला ‘येस’ हा पर्याय दिला की ते न विचारता पुढे जाते. तो फक्त सीआयच्या फायलीत लिहा. कोणाच्याही शेलच्या उपनावांमध्ये (लांब कमांडसाठी ठेवलेली छोटी नावे) त्याला शिरू देऊ नका, आणि रेपो तपासताना तो दुसरीकडे कुठे आला आहे का तेही पाहत जा.